धरलं?

आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रहाताला
घेता येत होतं, देता येत नव्हतं.

मार्चपासून तो काहीही उचलायचा:
पाना, डस्टर, अर्धी भरलेली बाटली,
एकदा पाहुण्या प्राध्यापकांचा टेबलावर विसरलेला चष्मा.
पण समोरून माणसानं हात पुढे केला
की त्याचं गणित बिघडायचं.
लवकर सोडलं तर फरशीवर काचा.
उशिरा सोडलं तर ओढाताण,
लग्नाच्या मांडवात आहेराचं पाकीट
नको, नको म्हणत दोन्हीकडून धरून ठेवतात, तशी.

श्रावस्ती गजभिये, एम.टेक., रोज इंदोऱ्याहून स्कूटीने येणारी.
तिचं तिसरं सेमिस्टर
त्या अर्ध्या सेकंदात अडकलं होतं.

नागपूरचा मे लागला. वसतिगृह रिकामं झालं.
खिडकीतल्या कूलरला नवा वाळा लावला,
तरी दुपारी तीनला मनगटातल्या सेन्सरचे आकडे
आपोआप सरकायचे;
काहीच न धरलेला हात
चाळीस ग्रॅम धरल्यासारखा वागायचा.
आम्ही सकाळी साडेसहाला येऊ लागलो.

कुलूप सोनकुसरे उघडायचे.
कार्यशाळेचे अटेंडंट; त्याआधी गोळीबार चौकात मागावर.
फुटलेल्या काचाही तेच झाडायचे.
सत्ताविसाव्या ग्लासाला म्हणाले,
"म्याडम, याले विचारनं शिकवा ना.
जिन्यावरून कूलर चढवतो तवा आमी काय करतो?
धरलं? धरलं. सोडू? सोड."
"याला तोंड नाही, काका," श्रावस्ती म्हणाली.
"तोंडाचं कामच नाही, पोरी. वजन सांगते ना.
समोरच्यानं धरलं की आपल्या हातातलं हलकं होते."

मग सेन्सर त्यांच्याच हाताला बांधला.
तीन दिवस, दोनशे बारा वेळा
पाण्याचा ग्लास त्यांनी दिला, आम्ही घेतला.
आलेख जवळपास सारखेच आले:
वजन जातं, तशी पकड सैल होते.
फक्त शेवटी एक बारीकशी शेपटी.
ग्लास पुरता माझ्याकडे आला
तरी त्यांची बोटं क्षणभर तिथेच, जराशी आवळलेली.
"गोंगाट आहे हा," मी म्हणाले. "छाटून टाक."
मापनातल्या चुका
हा विषय मी एकोणीस वर्षं शिकवते.
तिनं छाटलं.

पंधरा दिवस ग्लास पडत राहिले.
सगळे नाही. नऊ नीट जायचे, दहावा पडायचा,
आणि तो नेमका कोणाचा, हे आधी सांगता यायचं नाही.
सोनकुसरे काही बोलले नाहीत. झाडू दाराशीच ठेवू लागले.

एका सकाळी मी आत आले तर
हात ग्लास देत होता,
ती मुद्दाम अर्धवट धरून सोडून देत होती,
आणि हात तो पडू देत नव्हता.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"शेपटी परत लावली, मॅडम."

मी खुर्ची ओढून बसले.
माझी वही उघडी होती. तारीख लिहिली,
पुढे बराच वेळ काही नाही.

प्रोग्रॅममध्ये त्या उरलेल्या पकडीला नाव द्यावं लागतं.
तिनं "सोनकुसरे" दिलं.
तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं:
हा कुठला स्थिरांक?
"स्थानिक आहे, सर," ती म्हणाली. "गोळीबार चौकातला."
माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मी होकारार्थी मान हलवली.

ती आता पुण्याला असते. तिच्या टेबलावर नवी पोट्टी बसतात,
हाताला ड्रोन लावू म्हणतात, बघू.
सोनकुसरेंना सकाळचं पाणी मात्र तोच देतो.
त्याला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे;
मायक्रोफोनची वायर त्यांनीच तर काढली,
दुसऱ्या कामाला लागत होती म्हणून.
तरी बोटं ग्लासाला लागली
की दर वेळी, चांगलं मोठ्यानं,
"धरलं."